पुढच्या जागेवरचा माणूस

ढगांतून खाली आल्यावर शरयूला जो पहिला माणूस दिसला, तो जोंधळ्यात लपून बसलेला होता.

तिचं विमान मुरमाड माळावर तिरकं उभं होतं. लाकडाचं आणि कापडाचं ते हलकं यंत्र… त्याच्या पंखांवर बारीक पाऊस टिपटिपत होता. माळाच्या कडेला हुरड्याला आलेला जोंधळा होता. वारा पडलेला, सगळं रान स्तब्ध. फक्त मधलीच चार ताटं हलत होती.

"बाहेर या," ती म्हणाली. "दिसताय तुम्ही."

ताटं हलायची थांबली.

"अजूनही दिसताय."

तेव्हा एक तरुण उठून उभा राहिला. खाकी पाटलोण, दुमडलेल्या बाह्या, हातात पेट्रोलचा डबा.

"लपलो न्हवतो," तो म्हणाला. "बसलतो."

"पावसात?"

"तुमी आभाळातून अंगावर आल्या. उभं राहून काय नमस्कार करावा?"

शरयूला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. निजामाच्या मुलखात, आडरानात, पेट्रोलचा डबा घेऊन लपणारा माणूस हा हसण्याचा विषय नव्हता. आणि तो माणूसही तिच्याकडं पाहत नव्हता. तो तिच्या मागं, विमानात काहीतरी शोधत होता.

"हाकणारा कुठं गेला?" त्यानं विचारलं.

"मीच."

त्यानं डबा खाली ठेवला. "बाई, मी मोटार चालवतो. बीड ते चौसाळा. हाकणारा पुढं बसतो. तुमी मागच्या जागेवरून उतरल्या, मी डोळ्यानं बघितलं."

"यात एकट्यानं उडवायचं असेल तर मागं बसतात. तोल राहतो."

"आन् पुढं?"

"पुढं कुणी नाही."

तो विमानाजवळ आला, पुढच्या जागेत वाकला आणि आतून एक पुरुषी लोकरी कोट वर काढला. कोट कोरडा होता, नीट घडी घातलेला.

"कुणी न्हाई म्हंता," तो म्हणाला, आणि कोट होता तसा परत ठेवला.

कोट शरयूच्या मामांचा होता. विमानही त्यांचंच. पुण्याहून दोघं औरंगाबादला आले होते; मामा वेरूळची लेणी पाहायला मागं थांबले आणि कोट विसरले. एवढं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ज्याला आपण विमान चालवलं हेच पटत नाही, त्याला मामांची हकिकत कशाला सांगायची, असं तिला वाटलं. ती गप्प राहिली. तिच्या गप्प राहण्याचा त्यानं त्याला हवा तो अर्थ लावला.

सकाळी औरंगाबाद सोडताना आभाळ स्वच्छ होतं. मार्गशीर्ष सरत आला होता. या दिवसांत पावसाचं कुणाच्या मनातही नसतं. सोलापूरची वाट सोपी होती. खाली दिसणारी सडक उजव्या हाताला ठेवायची, बीड ओलांडायचं, घाट चढून पठारावर जायचं. होकायंत्र आणि उंचीची तबकडी सोडली तर विमानात वाट दाखवणारं दुसरं काही नव्हतं. जमीन दिसते तोवर उडायचं, नाहीतर उतरायचं, एवढाच नियम. बीड मागं पडलं तेव्हा घाटमाथ्यावर तिला एक करडी रेघ दिसली. विरळ धुकं असेल, म्हणून ती पुढं गेली. मांजरसुंब्याजवळ सडक ढगात शिरली आणि दिसेनाशी झाली. वळून पाहिलं तर मागची वाटही बुजली होती. लिंबागणेशच्या बाजूला एकच मोकळा तुकडा दिसत होता. त्यावर दोन घिरट्या घालून, दगड कुठं आहेत ते पाहून, ती उतरली.

माळावर माणसं जमायला वेळ लागला नाही. आधी गुराखी आले, मग गावचे भगवानराव पाटील, आणि पाटलांच्या मागोमाग घोड्यावरून पोलीस अमीन, म्हणजे फौजदार, सत्तारसाहेब. ते १९३८ साल होतं. इंग्रजी मुलखातून सत्याग्रही आणि छापील पत्रकं येत होती, म्हणून सरहद्दीच्या या भागात कडक पहारा होता. अमीन आदल्याच दिवशी परभणीहून नव्या शिपायांसह बदलून आले होते आणि मांजरसुंब्याच्या नाक्यावर बसलेले होते.

माळावर बाई उभी आहे हे दिसताच त्यांनी घोड्यावरूनच तोंड फिरवलं.

"पाटील, बीबी के वास्ते पडदे का इंतजाम करो. भीग रहे हैं."

पाटलांच्या घरची दमणी आली. छोटी, बैल जोडलेली, चारी बाजूंनी पडदा. शरयूला मानानं आत बसवलं. सोबतीला पाटलांच्या सुभद्राबाई बसल्या.

सत्तारसाहेब वाईट माणूस नव्हते. परक्या बाईच्या तोंडाकडं पाहून सवालजबाब करायचे नाहीत, ही त्यांच्या घरची रीत होती. बाईच्या वतीनं तिच्या माणसानं बोलायचं. माणूस नसेल तर तो शोधून काढायचा. आता सवाल आतपर्यंत कुणी पोचवायचे हा प्रश्न उरला. मोटारवाला बीडच्या उर्दू शाळेत शिकलेला निघाला. त्याचं नाव त्रिंबक.

"बीबी से पूछो, चलानेवाले साहब किधर गये."

त्रिंबक पडद्याजवळ आला. "बाई, अमीनसाहेब इचारतेत, हाकणारा कुठं गेला."

"सांगा, दमणीत बसलाय. आणि हेही सांगा की आरोपीकडं पाठ करून जबाब घेणारा अधिकारी मी आयुष्यात प्रथमच पाहते आहे."

त्रिंबकनं घसा साफ केला. "हुजूर, बीबी बोल रहे, आपकी बडी मेहेरबानी, पडदे का इंतजाम किये."

अमीनांनी अदबीनं मान लववली.

"मी असं म्हटलं नाही," पडद्याआडून आवाज आला.

"तुमाला हिंदुस्थानी कळतं?"

"उत्तम कळतं."

"मग आधी सांगायचं."

"मग तुमची लबाडी कशी कळली असती?"

आत सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला.

"बीबी से पूछो," अमीन म्हणाले, "सामने की जगह पर जो कोट है, वो किसका."

"माझ्या मामांचा. ते औरंगाबादला आहेत."

त्रिंबक अमीनांकडं वळला नाही. तो आणखी थोडा पुढं झाला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "खरंच मामाचा?"

"हे अमीनसाहेबांनी विचारलं?"

"न्हाई."

"मग?"

"मी इचारतोय."

"तुम्हाला कशासाठी हवंय?"

"असंच…"

शरयू पडद्याच्या शिवणीकडं पाहत राहिली. त्या "असंच" मध्ये चौकशी नव्हती, दुसरंच काहीतरी होतं. आणि ते आपल्याला का आवडावं, याचंच तिला नवल वाटलं.

अमीनांना मामा पटले नाहीत. कोट इथं आणि मामा औरंगाबादला, हे त्यांच्या हिशेबात बसेना. बाईचा माणूस ढगाचा फायदा घेऊन पळाला असणार. ते शिपाई घेऊन जोंधळ्यात शिरले. पाटील गावातली घरं बघायला गेले. दमणीजवळ त्रिंबक उरला.

पाऊस आता तिरका येत होता. पडद्याची कडा दोन बोटांनी किंचित सरकली.

"तुम्ही तरी मानता का, की पळालेला कुणी नाही?"

"अजून ठरवलं न्हाई."

"मीही तुमच्याबद्दल ठरवलेलं नाही. डबा घेऊन कुठं निघाला होता?"

"मोटार घाटात उभी हाय. पेट्रोल संपलं. फाट्यावरच्या दुकानात माझा एक डबा असतो, त्यो घेऊन रानातल्या वाटेनं निघालो. वर आवाज आला."

"आणि बसलात."

"आन् बसलो," त्यानं कबूल केलं.

कडा आणखी थोडी सरकली. त्याला एक डोळा दिसला, भिजून गालाला चिकटलेली एक बट दिसली. तिला दिसलं की तो काकडतो आहे आणि ते लपवायला दोन्ही हात पाटलोणीच्या खिशात कोंबून उभा आहे.

"कावून बोलता एवढं," सुभद्राबाई मधेच म्हणाल्या. "गारठलंय ते पोरगं. त्यो कोट तरी द्या की त्याला. उगं तितं पडून भिजायलाय."

कोट त्यानंच जाऊन आणला, पण विचारल्याशिवाय अंगात घालेना. तो पडद्यापुढं हातावर घेऊन उभा राहिला. शरयूनं हात बाहेर काढून कोटाची गळपट्टी झटकली, पाणी निथळवलं. तिची गार बोटं त्याच्या मनगटाला लागली… आणि काम झाल्यावरही लगेच मागं गेली नाहीत.

"घाला," ती म्हणाली.

त्यानं घातला. बाह्या मनगटाच्या चांगल्याच वर राहिल्या.

"मामा बुटके हायेत."

"हो."

"वय?"

"साठीला आलेत. ढेरी आहे. दम्याचा त्रास आहे. आणखी काही?"

"न्हाई," त्रिंबक म्हणाला. "एवढं बास." पावसात उभा राहून तो एकटाच हसला, आणि पडद्याच्या फटीतून ते तिनं नीट पाहून घेतलं.

नेमके त्याच वेळी सत्तारसाहेब जोंधळ्यातून बाहेर आले. त्यांच्या मागच्या शिपायाच्या हातात पेट्रोलचा डबा होता. अमीन चार पावलं चालले आणि थांबले. त्यांच्यासमोर विमानातला कोट घातलेला एक माणूस उभा होता. हाताला पेट्रोलचा वास, इंजिनाची माहिती, विमानाजवळ सगळ्यांत आधी हाच हजर. बाईचे सगळे जबाब सकाळपासून याच्याच तोंडून आले होते.

"वाह," ते शांतपणे म्हणाले. "हम रान ढूंढ रहे, और साहब यहीं हैं."

"हुजूर, मी बीडचा…"

"इसको कौन पहचानता है?"

परतलेल्या पाटलांनी मान हलवली. मोटार सडकेनं जाते-येते हे त्यांना माहीत होतं. हाकणाऱ्याचं तोंड कुणी बघितलंय? मग अमीनांनी पडद्याकडं पाठ करूनच, पाटलांमार्फत, सुभद्राबाईंना अदबीनं विचारलं, की या दोघांची आधीची ओळख असावी असं वाटतं का.

सुभद्राबाईंनी इमानानं उत्तर दिलं. "म्या काय सांगू, साहेब. दिसभर भांडायलेत. मामा कोण, लपला कावून… परक्या माणसाशी बाई अशी भांडती व्हय? नवराबायकोच हायेत मला वाटतंय."

पडद्याच्या आत शरयूचे कान तापले. बाहेर त्रिंबकच्या कमरेला दोर बांधला गेला.

अमीनांनी निर्णय सांगितला. या माणसाला बीडच्या कोठडीत ठेवायचं. औरंगाबादला तार करायची, हैद्राबादेला लिहायचं. बीबीला मात्र इज्जतीनं सरहद्दीपर्यंत पोचवायचं. त्यांच्यावर काही इल्जाम नाही. त्या हिवाळ्यात सरहद्दीवर धरलेला माणूस किती महिन्यांनी सुटेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. त्रिंबकला ते माहीत होतं. त्याच्या घाटातल्या मोटारीची तोवर चाकंही जागेवर राहिली नसती. पण तो एवढंच म्हणाला, "बाईंना लवकर लावून द्या. सांजेला घाटात लई गारठा पडतो."

शरयूनं पडदा बाजूला केला आणि ती खाली उतरली. अमीनांनी लगेच पाठ फिरवली. मग ती त्यांच्या पाठीशीच बोलली, स्वच्छ हिंदुस्थानीत.

विमान चालवणारा हा आहे असं तुम्ही म्हणता. मग याला इथं, तुमच्याजवळ उभा करा. मी एकटी वर जाते. यंत्र आभाळात असेल आणि हा जमिनीवर, तर चालवणारं कोण?

सत्तारसाहेबांनी पाठ तशीच ठेवून विचारलं,

"और आप लौटे नहीं तो?"

"तर हा तुमच्या ताब्यात आहेच."

"तो ये जामीन हुआ," अमीन म्हणाले. "नहीं लौटे तो समझूंगा, दोनों मिले हुए थे. फिर इसके वास्ते मैं कुछ नहीं कर सकता."

तिनं आभाळाकडं पाहिलं. पाऊस थांबला होता. ढग माळापासून थोडे वर उचलले होते, पण बीडच्या बाजूला अजून काळोखी होती आणि ती पुढं सरकत होती. वेळ फार नव्हता.

"कबूल," ती म्हणाली.

चाकांपुढं दगड लावले. पंख धरायला गावातली माणसं उभी राहिली. पुढचा पंखा हातानं फिरवल्याशिवाय इंजिन सुरू होत नव्हतं, आणि हँडल मारायची सवय असलेला माणूस माळावर एकच होता. दोर पंख्यात अडकेल असं तिनं सांगितल्यावर अमीनांनी तो सोडायला लावला.

"मी म्हणेपर्यंत हात लावायचा नाही," शरयू त्रिंबकला म्हणाली. "जोरानं खाली ओढायचा आणि लगेच मागं सरायचं. पुढं झुकायचं नाही."

"माझी मोटारबी अशीच लाथ मारती."

"ही लाथ मारत नाही. हात तोडते."

त्यानं मान डोलावली. मग, शिपाई दूर आहेत हे पाहून, तो तिच्या जागेशी आला.

"बाई, वर गेल्यावर सोलापूरकडं उघडं दिसलं तर सरळ जावा. हितं माघारी वळू नका. त्या तिकडून लई मोठं आभाळ यायलंय. मी माझं निस्तरीन."

"कसं निस्तराल?"

"निस्तरीन काहीतरी."

"हे तुमचं म्हणणं, की पुन्हा कुणाचं बदलून सांगताय?"

"माझंच हाय," तो म्हणाला. त्यानं तिच्याकडं पाहिलं. या खेपेला मधे पडदा नव्हता, त्यामुळं दोघांनाही काही लपवता आलं नाही. "जावा नीट."

त्यानं पंखा ओढला. दोनदा इंजिन नुसतं खोकललं, तिसऱ्यांदा धरलं. दगड काढले. विमान माळावरून उड्या मारत गेलं, जोंधळ्याच्या अगदी कडेशी उचललं आणि वर चढलं. मागच्या जागेवर एक डोकं, पुढं कुणी नाही. खाली सगळं गाव मान वर करून उभं होतं. अमीन आधी विमानाकडं पाहत होते, मग शेजारी उभ्या असलेल्या त्रिंबककडं, मग परत विमानाकडं.

वरून शरयूला सगळं दिसलं. दक्षिणेला ढग फाटला होता. ओली सडक चौसाळ्यापर्यंत चकचकत गेली होती आणि तिच्या पलीकडं पठारावर ऊन होतं. सोलापूरपर्यंत पुरेल एवढं पेट्रोल होतं. उत्तरेकडून करडी भिंत माळावर येत होती. तिच्या आत सापडलं तर पुन्हा उतरता येईलच याची खात्री नव्हती. शिकवणाऱ्यानं शिकवलेलं सगळं एकाच दिशेनं बोट दाखवत होतं.

तिनं सडकेकडं एकदा नीट पाहून घेतलं. मग विमान वळवलं.

खाली लोकांना विमान ढगात गेलेलं दिसलं, मग नुसता आवाज राहिला, मग आवाजही गेला. पाऊस पुन्हा सुरू झाला. शिपायानं दोर उचलून हातात घेतला. सत्तारसाहेबांनी घड्याळ काढलं, पाहिलं आणि परत खिशात ठेवलं. त्रिंबक दक्षिणेकडं तोंड करून उभा होता. गेली असेल तर बरं, असं तो मनाशी म्हणत होता. म्हणता म्हणता त्याचं त्यालाच ते खोटं वाटायला लागलं.

आवाज आला तो पाठीमागून. ढगाच्या खालच्या कडेतून विमान बाहेर पडलं, इतकं खाली की बैल दावं तोडायला लागले. एकदा माळ चुकला. ते पुन्हा वर गेलं, अर्धं ढगात दिसेनासं झालं, वळलं आणि या वेळी टेकलं. ओल्या मुरुमावरून घसरत, एका पंखाचं टोक जमिनीला घासत, ते दमणीपासून हाकेच्या अंतरावर थांबलं.

सत्तारसाहेब स्वतः पुढं गेले. त्यांनी पाठ फिरवली नाही. नजर मात्र तिच्या पायांवर ठेवली, आणि दिवसभरात पहिल्यांदाच समोर उभं राहून तिला विचारलं, "बीबी, आपका नाम? रजिस्टर में, चलानेवाले के खाने में लिखना है."

तिनं नाव सांगितलं. अमीनांनी शिपायाला खूण केली. शिपायानं दोर गुंडाळून घोड्याच्या खोगिराला अडकवला.

लोक पंखाचं फाटलेलं टोक बघायला धावले. त्रिंबक मात्र तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तो रागावलेला होता.

"सांगितलं होतं, माघारी येऊ नका."

"ऐकलं होतं."

"मग? तिकडं बुजलेलं होतं का?"

"नाही. रस्ता स्वच्छ होता. थेट दिसत होता." तिनं हातमोजा काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "पाहिला मी. आणि मला… तिकडं जावंसं वाटेना."

त्रिंबक कोटाच्या आखूड बाह्या खाली ओढत राहिला. बोलायला लागला असता तर त्याला कुठल्याच भाषेत नीट सांगता आलं नसतं.

"बाई, आजची रात आमच्याकडं," सुभद्राबाई मागून म्हणाल्या. "आन् ह्यो तुमचा कोण असल त्यो, त्यालाबी जेवू घालू."

"पंख शिवायला हवा," शरयू घाईनं म्हणाली. "उद्या आभाळ मोकळं झालं की निघेन. नाही झालं तर परवा."

त्रिंबकनं मान वर करून उत्तरेकडं पाहिलं, मग दक्षिणेकडं, अगदी जाणकारासारखं.

"परवाबी मोकळं व्हत न्हाई."

"ढगांतलं तुम्हाला काय कळतं?"

"काय न्हाई," तो म्हणाला. "पण राहू द्या की चार दिस."

शरयू त्याच्याकडं पाहत राहिली. मग तीही आभाळाकडं पाहून म्हणाली, "राहू द्या."